चिठ्ठीत निघालेला जोडीदार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये हौशी गोल्फ स्पर्धांविषयी एक पत्र आले होते. पत्रलेखकांचे म्हणणे थोडक्यात असे : दर आठवड्याच्या जोडी स्पर्धेत नवख्यांना घेतल्यामुळे मैदान खोळंबते, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) खराब होतात, शिष्टाचाराचा बोजवारा उडतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून जोड्या लावणे बंद करावे, ज्याने त्याने आपला जोडीदार निवडावा आणि २४ च्या वर हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, नवख्याला जास्त) असणाऱ्याला स्पर्धेत उतरूच देऊ नये. पत्र मी दोनदा वाचले. त्यात राग होता, तशी मैदानाविषयी कळकळही होती, आणि त्या कळकळीशी माझे भांडण नाही. पण दुखणे त्यांनी दाखवले त्या जागी नाही. अकरा वर्षे दर शनिवारी मी हे सगळे जवळून पाहत आले आहे आणि चार आठवड्यांपूर्वी जे पाहिले ते अजून मनातून जात नाही. म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

आधी आमच्या क्लबाविषयी. आम्ही चाळीसएक जण आहोत. स्वतःचे मैदान आमच्याकडे नाही, दुसऱ्यांच्या मैदानावर ठरलेली वेळ घेऊन आम्ही खेळतो. म्हणजे दर शनिवारी आम्ही पाहुणे असतो आणि पाहुण्याने कसे वागावे हा प्रश्न आम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू पडतो. जोडी स्पर्धेची व्यवस्था माझ्याकडे आहे. पत्र्याचे दोन डबे आहेत. एकात कमी हँडिकॅपवाल्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जास्त हँडिकॅपवाल्यांच्या. प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी निघते आणि त्या दोघांची त्या दिवसापुरती जोडी होते. दोन जोड्या मिळून चौघांचा गट, आणि एका जोडीने दुसऱ्या जोडीचे कार्ड लिहायचे. बक्षीस म्हणून एक फिरता कप आहे, त्याचा एक कान मोडलेला आहे.

बहुतेक आठवडे आम्ही फोरबॉल खेळतो. त्यात चौघांचे चार चेंडू असतात, प्रत्येक जण आपापला चेंडू खेळतो आणि जोडीतल्या ज्याचे गुण जास्त तेच जोडीचे गुण धरले जातात. महिन्यातून एकदा फोरसम असतो : जोडीला एकच चेंडू, फटके आळीपाळीने. गुण स्टेबलफोर्ड पद्धतीचे. हँडिकॅपचे फटके वजा करून पार (त्या होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या) आला तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य, आणि पारपेक्षा एक कमी लागला तर तीन. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत काढली आणि तिची पहिली स्पर्धा १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी इथे झाली. एखाद्या होलवर पुरती वाट लागली तरी तिथे शून्य पडते एवढेच, पुढच्या होलवर माणूस पुन्हा उमेदीने उभा राहू शकतो. नवख्या माणसासाठी यासारखी दयाळू पद्धत मला दुसरी माहीत नाही.

हँडिकॅपवर बंदी घाला म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०२० पासून जगभर जी एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली आहे, तिच्यात कमाल मर्यादा ५४ आहे, पुरुषांनाही आणि स्त्रियांनाही. ज्यांनी ती आखली त्यांनी विचार करूनच दार एवढे उघडे ठेवले आहे. जो शिकतो आहे त्यालाही जाणत्याबरोबर बरोबरीने खेळता यावे म्हणून. आपण आपल्या चाळीस माणसांच्या क्लबात ते दार २४ वर लावून घ्यायचे, याला काय म्हणावे?

आता चार आठवड्यांपूर्वीचा शनिवार सांगते.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक तरुण मुलगी आली. हँडिकॅप ४०. शांत, थोडी बुजरी, पण आपले फटके स्वतःच मोठ्याने मोजणारी. हे मोठ्याने मोजणे मला फार आवडले, कारण कार्ड लिहिणाऱ्याला विचारावे लागत नाही. चिठ्ठीत तिची जोडी आमच्यातल्या एका अनुभवी खेळाडूशी लागली. त्यांचा हँडिकॅप १०. फोरबॉलमध्ये हँडिकॅपच्या ८५ टक्के फटके मिळतात, म्हणजे तिला ३४ आणि त्यांना साडेआठचे ९. माझी जोडी त्यांच्याच गटात होती आणि त्यांचे कार्ड माझ्या हातात होते.

सहाव्या होलपर्यंत सगळे सुरळीत होते. सातवा होल पार चारचा, काठिण्यक्रम पाच, म्हणजे अवघडपणात अठरांत पाचवा; हँडिकॅपचे फटके याच क्रमाने होलांवर वाटले जातात. त्या क्रमावर तिला दोन फटके मिळत होते आणि त्यांना एक. गृहस्थांचा दुसरा फटका ग्रीनच्या उजवीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. बाहेर यायला त्यांना तीन फटके लागले. पाचव्या फटक्याला ते ग्रीनवर आले, झेंड्यापासून सातएक फुटांवर. मुलगी चौथ्या फटक्याला ग्रीनवर होती, पण बरीच लांब. तिने दोन पटमध्ये (पट म्हणजे ग्रीनवरचा घरंगळता फटका) चेंडू होलमध्ये घातला असता तर सहा फटके, हँडिकॅपचे दोन वजा, म्हणजे निव्वळ पार, दोन गुण. त्या क्षणी जोडीची सगळी भिस्त तिच्यावर होती. हे तिलाही ठाऊक नव्हते आणि तिच्या जोडीदारालाही सुचले नव्हते.

ती खूण ठेवून आपला चेंडू उचलायला निघाली आणि सरळ त्यांच्या पटच्या रेषेवरून, म्हणजे त्यांचा चेंडू जिथून घरंगळणार तिथून, चालत गेली. चूक झाली, नाही म्हणत नाही. त्यांनी पट मारला, तो डावीकडून गेला. आणि मग ते तिच्यावर ओरडले. शब्द मी इथे लिहीत नाही. शेजारच्या होलच्या टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) उभ्या असलेल्या चौघांनी मान वळवून पाहिले, एवढ्या मोठ्याने. "मैदानावर यायच्या आधी कसे चालायचे ते शिकून यावे" असा त्यातला सौम्यातला सौम्य भाग होता.

मुलगी "सॉरी" म्हणाली. तिचा पटर हातात थरथरत होता. तीन पट लागले. कार्डावर मी दोघांच्याही नावापुढे सात लिहिले. त्यांचे गुण शून्य, तिचा एक. जोडीला एक गुण मिळाला तो तिच्यामुळे, आणि दुसरा गेला तो कशामुळे, ते वाचकांनी ठरवावे.

पुढच्या टीकडे जाताना माझी नजर उजवीकडच्या बंकरवर गेली. तीन फटके मारताना उमटलेले त्यांच्या पावलांचे खोल ठसे वाळूत तसेच होते. दाताळे बंकरच्या काठाला पडले होते, दोन पावलांवर. मी मागे फिरले, वाळू सारखी केली, दाताळे जागेवर ठेवले. पण तोंडाने काही बोलले नाही. ना त्यांना, ना तिला. अकरा वर्षे स्पर्धा चालवणारी मी त्या वेळी गप्प बसले, आणि ती माझी चूक होती. अठरा होल संपले, तिने कार्ड तपासले, सही केली, ते डब्यात टाकले आणि निघून गेली. त्यानंतर तीन शनिवार ती आली नाही. आणि मग आपल्या अंकात ते पत्र आले, अशा लोकांना घेऊच नका म्हणणारे.

शिष्टाचार म्हणजे काय, यावर मी त्या दिवसापासून बराच विचार केला. गोल्फचे पहिले लिखित नियम १७४४ चे, स्कॉटलंडमधल्या लीथ इथल्या खेळाडूंनी केलेले, अवघे तेरा. आज नियमांचे पुस्तक जाडजूड झाले आहे, तरी त्याच्या अगदी सुरुवातीला, पहिल्याच नियमात, खेळाडूकडून तीन अपेक्षा लिहिल्या आहेत : प्रामाणिकपणे खेळा, इतरांचा विचार करा, मैदानाची काळजी घ्या. २०१९ च्या आधी शिष्टाचाराचे वेगळे प्रकरण पुस्तकाच्या सुरुवातीला असे. २०१९ च्या फेरबदलात त्याचा गाभा थेट नियमांत आला. या तिन्ही अपेक्षा एकाच ओळीत बसतात. ज्याने बंकर तसाच सोडला आणि नवख्या मुलीला चारचौघांत झापले, त्याने यातल्या दोन मोडल्या. जी चुकून रेषेवरून चालली, तिने अजाणता एक. त्यातही २०१९ पासून ग्रीनवर बुटांनी झालेली खराबी पट मारण्याआधी नीट करण्याची मुभा आहे. ते खाली वाकले असते, हाताने गवत सारखे केले असते, तर काम झाले असते.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट यासाठीच आठवते. पहिल्या महिन्यात माझी जोडी चिठ्ठीत एका वयस्कर सभासदाशी लागली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी घाबरले होते, कारण त्यांचा हँडिकॅप ७ होता आणि मला चेंडू हवेत उडवणेच धड जमत नव्हते. पहिल्या टीवर त्यांनी मला बाजूला घेतले आणि तीनच गोष्टी सांगितल्या. मारणाऱ्याच्या पाठीमागे चेंडूच्या रेषेत उभे राहायचे नाही, त्याला दिसेल असे समोर एका बाजूला उभे राहायचे. कोणी पवित्रा घेतला की बोलणे बंद, हालचाल बंद. आणि आपल्याला गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू निमूट उचलून खिशात टाकायचा, त्यात कमीपणा नाही. "बाकीचे चालता चालता सांगतो," म्हणाले.

आणि खरेच चालता चालता सांगितले. ग्रीनपाशी आल्यावर बॅग कुठे ठेवायची तर पुढच्या टीच्या बाजूला, म्हणजे परत मागे यावे लागत नाही. बंकरमध्ये उतरायचे ते जिथे काठ ठेंगणा आहे तिथून, उंच बाजूने उतरले की कड ढासळते. जोडीदाराचा पट चालू असताना आपली सावली त्याच्या रेषेवर पडू द्यायची नाही. चेंडू आडवा गेला आणि कोणाच्या अंगावर जाईल असे वाटले तर लाज न बाळगता "फोर!" म्हणून ओरडायचे, गोल्फच्या मैदानावर ओरडण्याचे तेवढे एकच योग्य कारण आहे. यातली एकही गोष्ट त्यांनी माझी चूक झाल्यानंतर लगेच सांगितली नाही. पुढच्या होलवर, ती वेळ यायच्या थोडी आधी सांगत. त्यामुळे चूक पुन्हा झाली नाही आणि मान खाली घालायची वेळही आली नाही.

त्यांचा एक क्षण मला अगदी जवळून दिसतो. उंचावरून आलेला चेंडू मऊ ग्रीनवर आदळला की खळगा पडतो. अण्णा एका गुडघ्यावर टेकत, खिशातून दोन दातांचा छोटा काटा काढत. काटा खळग्याच्या मध्यात कधी खुपसत नसत. कडेला, किंचित बाहेर, तिरका खोचत आणि कडेची माती आतल्या बाजूला ढकलत. मग दुसऱ्या कडेने, तिसऱ्या कडेने, चहूबाजूंनी. शेवटी पटरचा तळ हलकेच टेकवून दाबत. हात फिरवला तर खळगा कुठे होता ते कळत नसे. "खालून उचकटायचे नाही," ते म्हणत, "खालून उचलले की मुळे तुटतात, वरून छान दिसते आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग पडतो." ग्रीनवरचे गवत तीन-चार मिलिमीटर उंचीचे असते. एवढ्याशा गवताला मुळांचाच आधार, हे त्यांनी सांगेपर्यंत माझ्या कधी डोक्यात आले नव्हते. स्वतःचा खळगा बुजवून झाला की आणखी एक, कोणाचा तरी राहिलेला, बुजवूनच ते उठत. दर ग्रीनवर. आज मीही तसेच करते आणि आमच्यातले दहा-बाराजण तरी करतात. सांगून नव्हे, बघून शिकले.

पत्रलेखक म्हणतात तसे ग्रीन खराब होतात, हे खरे आहे. पण नवख्याचा चेंडू बहुतेक वेळा घरंगळत ग्रीनवर येतो, त्याचा खळगा पडतच नाही. खोल खळगे पडतात ते उंच फटका मारता येणाऱ्यांचे. गेल्या दोन शनिवारी मी मुद्दाम शेवटच्या गटात खेळले आणि प्रत्येक ग्रीनवर राहिलेले खळगे पाहत गेले. एका ग्रीनवर पाच होते, झेंड्याभोवती. तिथे चेंडू असा पाडता येणारे आमच्यात मोजकेच. नावे मी लिहिणार नाही. पण नवख्यांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या खिशातला काटा चाचपून पाहावा.

आता वेळेचे. मैदान खोळंबते याबद्दल पत्रलेखकांचा संताप मला समजतो. मागच्या गटाला टीवर ताटकळत उभे करणे हा त्यांचा अपमानच आहे. पण वेळ जातो कुठे? जास्त फटके लागतात तिथे थोडा जातो, हे मान्य. त्याहून जास्त तो फटक्यांच्या मध्ये जातो. आपली पाळी येईपर्यंत हातमोजा न घालणे. चार-चार वेळा हवेत सराव फटके मारणे. सगळे ग्रीनवर उभे राहून कार्ड लिहिणे. चौघांनी मिळून एकाचा चेंडू शोधणे आणि बाकी तीन चेंडू तसेच पडून राहणे. प्रत्येक होलवर फक्त एक मिनिट वाया गेले तरी अठरा होलांत अठरा मिनिटे होतात, आणि ती आपल्या मागच्या प्रत्येक गटाच्या माथी बसतात.

यावरचे उपाय नियमांतच आहेत, नवे काही शोधायचे नाही. शोधाशोधीला पूर्वी पाच मिनिटे मिळत, २०१९ पासून तीनच. चेंडू हरवला असेल अशी शंका आली की पुढे जाण्याआधीच तात्पुरता दुसरा चेंडू खेळून ठेवावा, परत मागे चालत यावे लागत नाही. आपली पाळी आली आणि अडथळा नसला की चाळीस सेकंदांच्या आत फटका मारावा असे नियमांचे पुस्तक सुचवते. ज्याचा चेंडू लांब त्याने आधी, ही जुनी रीत आमच्यासारख्या फटके मोजून होणाऱ्या खेळात सक्तीची नाही. जो तयार आहे त्याने सुरक्षित असेल तर मारावे, उलट तसे करायला पुस्तकच प्रोत्साहन देते. झेंडा आता होलमध्येच ठेवून पट मारता येतो, तेव्हा तो काढण्या-घालण्यातले तेवढे क्षणही वाचतात.

आणि फोरबॉलमध्ये तर वेळ वाचवण्याची संधी जोडीच्या हातात असते. जोडीदाराचे तीन गुण नक्की झाले आणि आपल्याला तेवढे मिळणे शक्य नसेल तर चेंडू उचलावा. जोडीतल्या दोघांनी आपसांतला क्रम हवा तसा ठरवावा, त्यालाही परवानगी आहे : नवख्याने आधी पट मारून दोन गुण पक्के केले की अनुभवी माणूस निर्धास्त होऊन तिसऱ्यासाठी जोर लावू शकतो. सातव्या होलवर त्या गृहस्थांनी एवढा एक विचार केला असता, तिला "तू आधी खेळ, दोन पट पुरेत, घाई नको" असे म्हटले असते, तर कार्डावर दोन गुण असते. खेळताना सल्ला विचारायचा आणि द्यायचा तो फक्त आपल्या जोडीदाराला, किंवा कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला). स्पर्धेतल्या बाकी कोणालाही दिला तर दंड होतो. म्हणजे त्या अठरा होलांत त्या मुलीला सल्ला देण्याची परवानगी असलेला सभासद आमच्या चौघांत एकच होता, तिचा जोडीदार. रेषेवरून चालू नकोस हे शिष्टाचाराचे सांगणे सल्ल्यात मोडत नाही, ते मीही सांगू शकले असते. म्हणून माझ्या गप्प बसण्याला नियमांची सबब नाही.

आपापला जोडीदार निवडा, हा पत्रलेखकांचा आग्रह मला सर्वांत जास्त खुपला. तसे केले तर काय होईल ते मी आताच सांगू शकते. चांगले खेळणारे चांगल्यांना धरतील, नवे नव्यांबरोबर राहतील. नव्यांना दाखवणारे कोणी उरणार नाही आणि वर्षभरात नवे येणेच थांबेल. चिठ्ठीत जो निघेल तो आपला, हेच तर या स्पर्धेचे सार आहे. चार तास त्याच्या बाजूने चालायचे, त्याचा चेंडू कुठे पडला यावर डोळा ठेवायचा, त्याचा दिवस खराब असेल तर तो आपला दिवस खराब आहे हे धरून चालायचे.

फोरसममध्ये हे आणखी जाणवते. एका फोरसमला माझी आणि अण्णांची जोडी होती. सतरा होल संपले तेव्हा आम्ही पहिल्या जोडीच्या बरोबरीत होतो. अठराव्यावर माझा पहिला फटका उंच गवतात गेला. अण्णा चेंडूपाशी गेले, पवित्रा घेतला, स्टिक गवतात टेकवली आणि थांबले. मग मागे सरून म्हणाले, "चेंडू हलला. माझ्या स्टिकने गवत दाबले गेले. एक फटका दंड." मी वीस पावलांवर होते, समोरची जोडी फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) पलीकडे. कोणीही पाहिले नव्हते. त्यांनी चेंडू उचलून मूळ जागी ठेवला आणि खेळले. आम्ही एका गुणाने हरलो.

त्या वेळी मला राग आला, हे मी आज कबूल करते. चेंडू अर्धा वळसा हलला असेल, आणि चेंडू तर आम्हा दोघांचा होता. घरी गेल्यावर वाचले, की १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स यांनी अशाच प्रकारे, कोणी पाहिले नसताना, स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला होता. शेवटी त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि फेरलढतीत ते हरले. लोकांनी कौतुक केले तर त्यांना ते आवडले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात कौतुकासारखे काही नव्हते. पुढच्या शनिवारी मी अण्णांपाशी तो विषय काढला, तर त्यांना तो फटका आठवायलाच थोडा वेळ लागला.

अण्णा आता खेळत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. त्यांची चिठ्ठी मी दोन वर्षांपूर्वी डब्यातून काढली. त्यांच्याइतके चांगले शिकवणारा जोडीदार प्रत्येक नवख्याच्या वाट्याला येईल अशी चिठ्ठी मला टाकता येत नाही. पण एक बदल आम्ही या आठवड्यात केला आहे. सभासदांच्या बैठकीत मी सातव्या होलची हकीगत नाव न घेता सांगितली, माझ्या गप्प बसण्यासकट. ठरले ते असे : पहिल्या डब्यातून ज्याची चिठ्ठी निघेल, त्याने आपल्या जोडीदाराबरोबर पहिल्या टीवर पाच मिनिटे आधी यायचे आणि काय सांगायचे ते तिथे सांगायचे. मैदानावर कोणीही कोणावर आवाज चढवायचा नाही. चढवला तर त्या आठवड्याचे त्याचे गुण धरायचे नाहीत, मग हँडिकॅप कितीही असो. अशी आचारसंहिता करून तिच्यासाठी दंड ठरवण्याचा अधिकार नियमांनी स्पर्धा समितीला दिलेला आहे. आठ जणांचा विरोध होता, बाकी सगळे बाजूने होते. हँडिकॅपवर मर्यादा घालावी हा प्रस्तावही आला होता, तो पडला.

बैठकीनंतर ते गृहस्थ माझ्याकडे आले. "ती मुलगी माझ्यामुळे येत नाही का?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. त्यांना खरेच कल्पना नव्हती. पट चुकला त्याचा राग होता, पाच मिनिटांत विसरलो, असे म्हणाले. बराच वेळ उभे राहिले आणि मग तिचा नंबर मागितला. तिला विचारल्याशिवाय देता येणार नाही, असे मी सांगितले.

त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला. त्या दिवशी बोलायला हवे होते ते बोलले नाही, याची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, रेषेवरून चालले ती चूक माझीच होती, ते मला मान्य आहे. पण आठव्या होलपासून पुढे मला एकही फटका आठवत नाही." मी म्हटले, या शनिवारी ये, चिठ्ठी राहू दे, तू माझ्याबरोबर खेळ. ती थोडी थांबली. "नको ताई. चिठ्ठीच टाका. नाहीतर सगळ्यांना वाटेल की माझ्याबरोबर कोणाला खेळायचे नाही." आणि नंबर द्यायला तिची हरकत नव्हती.

तिची चिठ्ठी मी दुसऱ्या डब्यात टाकली आहे, त्यांची पहिल्या डब्यात आहे. शनिवारी सकाळी साडेसहाला डबे उघडू.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(साप्ताहिक जोडी स्पर्धेची व्यवस्था पाहणारी)